संवत्सराचे नाव आणि आपला शब्द

शके १९४६ च्या चैत्र शुद्ध प्रतिपदेस, म्हणजे ९ एप्रिल २०२४ रोजी, आम्ही वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर येथे कीर्तनसेवेस होतो. सकाळी मंदिरात पंचांगवाचन झाले. नूतन संवत्सराचे नाव ‘क्रोधी’ असे उच्चारताच मागे बसलेले एक माळकरी शेतकरी म्हणाले, “महाराज, आधीच माह्या सोभाव तापट. आता सालाचं नावच क्रोधी. मंग म्या काय कराव?” मंडळी हसली. ते मात्र हसले नाहीत.

प्रश्न भाबडा वाटला तरी भीती खरी होती, म्हणून प्रथम नावाचा उलगडा करू. संवत्सरे साठ, प्रभवापासून क्षयापर्यंत. शकाच्या आकड्यात १२ मिळवावे, ६० ने भागावे, बाकी राहील तितवे नाव. १९४६ मध्ये १२ मिळविता १९५८ होतात, बाकी ३८ उरते, आणि अडतिसावे नाव क्रोधी. हा गणिताचा फेरा आहे. त्यात कोणाच्या स्वभावाची चौकशी नाही. शके १९४८ चे नाव तर ‘पराभव’! म्हणून काय वर्षभर कोणी शेत पेरू नये?

आता आपल्या संप्रदायातले पाहा. माऊलींनी नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली ते शके १२१२. वरच्या रीतीने मांडून पाहा, नाव येते ‘विकृति’. आळंदीस कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली ते शके १२१८, नाव ‘दुर्मुख’. तुकोबाराय फाल्गुन वद्य द्वितीयेस वैकुंठास गेले ते शके १५७१, नाव ‘विरोधी’. विकृति नावाच्या वर्षी एवढे अमृत निघाले, मग नावाला भ्यावे कशाला?

दुपारी ते गृहस्थ आमच्या उतारावर आले. सोबत त्यांचा सालगडी होता. वर्धेकडे सालगड्याचे साल पाडव्याला सुरू होते, हे वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. पैसा किती, धान्य किती, हे त्या दिवशी ठरते आणि वर्षभर पाळले जाते. मालकांनी पंचांगातून घडी केलेला कागद काढला. पहाटे उठणे, सायंकाळी हरिपाठ, खर्रा बंद, गड्यावर ओरडणे बंद. असे सात नियम दर पाडव्याला लिहितात म्हणे. “आणि टिकतात किती?” आम्ही विचारले. “रामनवमीवरी,” ते म्हणाले. म्हणजे नऊ दिवस! एक मोडला की बाकीच्या सहांवरचेही मन उडते, आणि मग पुढच्या पाडव्यापर्यंत मोकळीक.

आम्ही त्यांना नावे ठेवू शकलो नाही. आमचेही कागद असेच गेले आहेत.

शास्त्रातला संकल्प मात्र असा नसतो. पूजेला बसल्यावर आपण संवत्सर, अयन, ऋतु, मास, तिथी उच्चारतो, समोरचे एक कर्म सांगतो आणि हातावरचे पाणी ताम्हनात सोडतो. ते कर्म पुरे झाले की संकल्प पुरा झाला. एका उदकावर तीनशे पासष्ट दिवसांचे सात नियम कोणी सोडीत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात संकल्प टाकल्यावाचून योगी होता येत नाही असे भगवान सांगतात. तेथला संकल्प म्हणजे फळाची कामना, पूजेतला नव्हे, हे ध्यानात ठेवावे. पण पाडव्याच्या कागदात ती कामनाच अधिक असते. ‘पुढच्या वर्षी मी किती चांगला दिसेन’ हेच चित्र मनापुढे असते.

एवढे बोलणे होईतो सालगडी गप्प होता. मग तो म्हणाला, “आमचं तं कागदबिगद काही नसते महाराज. मालकानं शबुद देला, आमी शबुद देला, साल निघते.”

हे ऐकून आम्हाला बृहदारण्यकातली कथा आठवली. देव, मनुष्य आणि असुर ही तिन्ही प्रजापतीची लेकरे. ब्रह्मचर्य पाळून झाल्यावर त्यांनी बापापाशी उपदेश मागितला. प्रजापतीने तिघांनाही एकच अक्षर सांगितले, ‘द’. आणि विचारले, कळले काय? देव भोगात रमणारे, त्यांनी ‘दमन करा’ असे ऐकले. मनुष्य लोभी, त्यांनी ‘दान करा’ असे ऐकले. असुर क्रूर, त्यांनी ‘दया करा’ असे ऐकले. प्रजापती तिघांनाही म्हणाला, बरोबर कळले. मेघ गडगडतो तो हेच अक्षर उच्चारतो, असे उपनिषद म्हणते. येथे लक्षात घ्या, बापाने अक्षर दिले पण अर्थ लादला नाही. ज्याची जखम जेथे, त्याला तेथलेच औषध ऐकू आले. वर्षासाठी शब्द निवडायचा तो असा. शोभणारा नको, लागणारा हवा.

आमच्यापुरते सांगतो. आमचे मृदंगी हात दुखतो असे दोन वर्षे सांगत होते, आणि आम्ही रंगाच्या भरात लय वाढवीत होतो. एके दिवशी त्यांनी बोटे उघडून दाखविली तेव्हा आम्हाला दिसले. नवविधा भक्तीत पहिले श्रवण, हे हजारदा सांगितलेले तोंड आमचेच! त्या पाडव्याला आम्ही ‘ऐक’ हा शब्द घेतला. अजून तोच चालू आहे, पुढचा घेण्याची पात्रता आलेली नाही.

येथे कोणी शंका घेईल की, तुकोबारायांना बाबाजींनी ‘राम कृष्ण हरि’ हा मंत्र दिला, तोच आपणा सर्वांचा. मग आणखी शब्द कशाला? शंका रास्त आहे. नामाच्या जागी दुसरे काही बसवाल तर तो अपराधच होईल. माळ, एकादशी, वारी हे नियमही जन्माचे आहेत, पाडव्याला बदलण्याचे नव्हेत. पण नाम घेणाऱ्या त्याच जिभेने आपण गड्याला शिवी देतो. त्या दोहोंच्या मध्ये उभा राहील असा एक राखणदार हवा, एवढेच या शब्दाचे काम.

आम्ही त्या गृहस्थांना ‘क्षमा’ सुचविला. त्यांनी मान हलविली. “राग आला का एवढा मोठा शब्द तोंडात येत नाही महाराज. आमच्याकडं ‘सबूर’ म्हन्तेत.” आमची संस्कृत पाठशाळा क्षणभर रुसली खरी, पण त्यांचे बरोबर होते. ऐन वेळी जिभेवर येतो तो आईच्या घरचा शब्द. कागद त्यांनी तेथेच फाडला.

पुढच्या पाडव्याला, ३० मार्च २०२५ रोजी, पुन्हा अल्लीपूरला गेलो. “टिकला काय?” आम्ही विचारले. ते म्हणाले, पहिले कितीतरी महिने सबूर आठवायचा तो ओरडून झाल्यावर. मग अर्ध्या शिवीत आठवू लागला. हरभऱ्यात रानडुकरे शिरली आणि गडी झोपलेला सापडला, त्या रात्री मात्र तोंड उघडण्याआधी आठवला. “येकच वेळ, महाराज.” नियम मोडला की कागद संपत होता, पण शब्द चुकला तरी दुसऱ्या दिवशी गोठ्यात वाट पाहत उभाच असे. खर्रा अजून सुटलेला नव्हता, तेही त्यांनी सांगितले.

सालगडी यंदा दुसरीकडे जाणार अशी गावात बोलवा होती. तो आला, ओसरीवर बसला. मालक घाईघाईने म्हणाले, “मागच्याच पैशात धरू ना साल?”

गडी हसून म्हणाला, “सबूर, मालक.”

आकडा वाढवून ठरला.