दादाची सही

वाचकांचे प्रश्न : कायदा

प्रश्न : आम्ही तीन भावंडं. दादा ४६ वर्षांचा, मी मधली आणि धाकटा भाऊ. दादाला ऐन विशीत स्किझोफ्रेनिया झाला. गोळ्या नियमित असल्या की तो छान राहतो. पहाटे उठून पाण्याची टाकी भरतो, दूध आणतो, आल्या-गेल्याशी बोलतो. नंदनवनमधलं घर बाबांच्या नावावर आहे. बाबा मृत्युपत्र न करता गेले आणि मागच्या वर्षी आईही गेली. दादाच्या गोळ्या आईच सांभाळायची. ती गेल्यावर गोळ्या सुटल्या, दादा रात्री-बेरात्री घराबाहेर पडू लागला. धाकट्याने त्याला एका खासगी मानसोपचार रुग्णालयात भरती केलं, त्याला चार महिने झाले. अर्जावर सही धाकट्याची. मला भेटू देत नाहीत, 'ज्यांनी भरती केलं त्यांची परवानगी आणा' म्हणतात. एकदाच फोनवर बोलणं झालं, तेव्हा दादा म्हणाला, 'मला घरी ने, मी गोळ्या घेतो.' धाकटा म्हणतो, दादा पागल आहे, त्याच्या सहीला काही किंमत नाही. पण घराच्या हक्कसोडपत्रावर दादाची सही घेण्याची तयारीही तोच करतो आहे. मी लग्न होऊन त्याच वस्तीत राहते. दादाला माझ्याकडे आणायची माझी तयारी आहे. मला काही करता येईल का?
– एक वाचक भगिनी, नंदनवन, नागपूर

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मला तीन सह्या दिसतात. एक धाकट्याची, भरतीच्या अर्जावरची. दुसरी दादाची, हक्कसोडपत्रावर घ्यायचं चाललंय ती. तिसरी अजून झालेलीच नाही. ती दादाने एका साध्या कागदावर करायची आहे आणि सगळा प्रश्न तिच्यापासूनच सुटायला लागेल. एकेक सही पाहू.

भरतीची सही

आपल्याकडे मनोरुग्णांचा कायदा पिढ्यान्‌पिढ्या कोंडून ठेवण्याचा कायदा होता. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ सालचं. ते उभं राहिलं तेव्हा १८५८ चा इंग्रजांचा कायदा होता, पुढे १९१२ चा आला. त्याच्या जवळच्या चौकाला लोक आजही पागलखाना चौक म्हणतात. १९८७ च्या कायद्याने भाषा थोडी सौम्य केली, पण नातेवाइकाचा अर्ज आणि दोन डॉक्टरांचे दाखले असले की माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध ९० दिवसांपर्यंत ठेवता येत असे. तुमच्या धाकट्या भावाच्या मनात आजही तोच कायदा आहे. बऱ्याच रुग्णालयांच्या खिडकीवर बसलेल्या माणसांच्या मनातही तोच आहे.

भारताने २००७ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर शिक्कामोर्तब केलं, आणि त्याला धरून मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ झाला. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. या कायद्याची सुरुवातच उलट्या बाजूने होते. मानसिक आजार असलेल्या माणसालाही स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेता येतो, असं तो गृहीत धरतो. माहिती समजते का, निर्णयाचे परिणाम कळतात का आणि आपलं म्हणणं बोलून किंवा खुणेने सांगता येतं का, एवढंच पाहायचं. निर्णय इतरांना चुकीचा वाटला म्हणून माणूस अक्षम ठरत नाही.

संमतीशिवाय भरती करता येते, पण कलम ८९ च्या चौकटीत. मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासावं लागतं. त्याच्याकडून स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका आहे, किंवा तो स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही, असा निष्कर्ष दोघांचाही असावा लागतो. रात्री-बेरात्री बाहेर पडणाऱ्या दादाला तेव्हा दाखल करणं कदाचित योग्यही असेल. पण ही भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची. पुरुष रुग्ण असेल तर ७ दिवसांच्या आत, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर ३ दिवसांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवणं रुग्णालयावर बंधनकारक आहे.

३० दिवसांनंतर कलम ९० लागू होतं. आता दोन मानसोपचारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी हवी आणि मंडळाने २१ दिवसांत परवानगी द्यायला हवी, नाहीतर रुग्णाला सोडायला हवं. ही मुदत पहिल्या वेळी जास्तीत जास्त ९० दिवस. ३० आणि ९० मिळून चार महिने होतात, म्हणजे दादाची मुदत संपत आली आहे किंवा संपलीच आहे. म्हणून पहिली मागणी ही करायची: मंडळाच्या परवानगीचा कागद दाखवा. तो नसेल तर दादाला तिथे ठेवण्याला कायद्याचा आधार नाही.

साध्या कागदावरची सही

अडचण अशी की बहीण म्हणून तुम्ही हा कागद मागितलात तर रुग्णालय गोपनीयतेकडे बोट दाखवेल, आणि ते अगदीच चूकही नाही. रुग्णाची माहिती कुणालाही देऊ नये, हाही रुग्णाचाच हक्क आहे. कागद मागायचा, मंडळाकडे दाद मागायचा अधिकार स्वतः रुग्णाला, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, किंवा त्याच्या संमतीने एखाद्या नोंदणीकृत संस्थेला आहे.

हा प्रतिनिधी कोण, हे कलम १४ सांगतं. रुग्णाने कुणाला नेमलंच नसेल तर नातेवाईक प्रतिनिधी ठरतो. बहुधा त्याच वाटेने धाकट्याची सही चालली असेल. पण रुग्णाने स्वतः नेमलेला माणूस या क्रमात सगळ्यांच्या वर येतो. त्यासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही, नोटरी लागत नाही. साधा कागद आणि सही किंवा अंगठा पुरतो. मजकूर असा असावा: 'मी, अमुक, माझी बहीण अमुक हिला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १४ नुसार माझी नामनिर्देशित प्रतिनिधी नेमत आहे. याआधीची नेमणूक असल्यास ती रद्द समजावी.' खाली तारीख आणि दादाची सही. सोबत तुमचं लेखी संमतिपत्र जोडा. ही नेमणूक दादा कधीही बदलू शकतो, हे तुम्हीही लक्षात ठेवा. तुम्हाला त्याचा पाठीराखा व्हायचं आहे, मालक नव्हे.

तुम्हाला आतच सोडत नाहीत, मग कागद दादापर्यंत जाणार कसा? कलम २६ नुसार रुग्णाला वाजवी वेळी भेटी घेण्याचा, फोनवर बोलण्याचा आणि पत्रव्यवहार करण्याचा हक्क आहे. कुणाला भेटायचं नाही हे ठरवण्याचा हक्कही त्याचाच आहे, भरती करणाऱ्याचा नाही. रुग्णालयाला भेटीच्या वेळा ठरवता येतात. पण रुग्णाचा वकील, न्यायाधीश, मंडळाचे सदस्य, आमदार-खासदार यांच्याशी त्याचा संपर्क तोडता येत नाही. तेव्हा सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. या कायद्याच्या कलम २७ नुसार दादाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तो वकील कागद घेऊन दादाला भेटेल.

सही झाली की मंडळाकडे अर्ज करा. अर्जाला शुल्क नाही. मंडळाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश दर्जाचे असतात. जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, मानसोपचारतज्ज्ञ आणि एक डॉक्टर असतात. शिवाय दोन सदस्य स्वतः मानसिक आजार अनुभवलेले, रुग्णांची काळजी घेणारे किंवा या क्षेत्रातल्या संस्थांचे असतात. पहिल्या ३० दिवसांतल्या भरतीविरुद्धचा अर्ज ७ दिवसांत आणि त्यापुढच्या भरतीविरुद्धचा २१ दिवसांत निकाली काढायचा असतो. निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील. मंडळाकडून हालचालच झाली नाही तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका करता येते.

मंडळ दादाला तपासून 'अजून काही दिवस उपचार हवेत' असंही म्हणू शकेल. तसं झालं तर तो पराभव मानू नका. दादाचं म्हणणं समोर बसवून ऐकलं गेलं, हेच चार महिन्यांत झालेलं नाही.

हक्कसोडपत्रावरची सही

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ नुसार बाबांच्या आणि आईच्या पश्चात घरात तुम्हा तिघांचा सारखा वाटा आहे. त्याच कायद्याचं कलम २८ सांगतं की आजार किंवा व्यंग यामुळे कुणाचाही वारसाहक्क जात नाही. आखीव पत्रिकेवर, म्हणजे घराच्या मालमत्ता पत्रकावर, तीन नावं लागली पाहिजेत.

'दादा पागल आहे, त्याच्या सहीला किंमत नाही' आणि 'दादाची सही घ्या' ही दोन्ही वाक्यं एका तोंडात बसत नाहीत. २०१७ च्या कायद्याचं कलम ३ स्पष्ट आहे: मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून माणूस विकल मनाचा ठरत नाही, ते सक्षम न्यायालयानेच ठरवायचं. करार कायद्याच्या कलम १२ नुसार व्यवहाराच्या क्षणी माणसाला तो समजत होता का, हे पाहिलं जातं. दादा बरा असताना समजून-उमजून स्वतःचा वाटा कुणालाही देऊ शकतो. पण तो रुग्णालयात असताना, बाहेर पडणं ज्याच्या मर्जीवर आहे त्यानेच पुढे केलेल्या कागदावर घेतलेली सही वेगळी. करार कायद्याच्या कलम १६ नुसार आजारामुळे मन दुबळं झालेल्या माणसाशी व्यवहार करणारा हा वर्चस्व असलेला पक्ष मानला जातो. व्यवहार उघड उघड अन्यायाचा दिसत असेल तर आपण दबाव टाकला नाही, हे त्यानेच सिद्ध करायचं असतं. शिवाय दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम १३ नुसार ज्या व्यवहारात मदतनीसाचा स्वतःचा स्वार्थ गुंतला आहे, त्यात त्याने मदतनीस म्हणून बसायचंच नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयात आणि नगर भूमापन कार्यालयात आजच लेखी हरकत द्या, पोच घ्या. तरीही दस्त नोंदला गेला तर दिवाणी न्यायालयात तो रद्द करून घेता येतो.

घरी आणताना

घरी आणणं म्हणजे औषधं थांबवणं नव्हे. सोडण्याआधी पुढच्या उपचारांचा आराखडा दादाशी आणि तुमच्याशी बोलून ठरवणं कलम ९८ नुसार रुग्णालयाचं काम आहे. औषधं कोणती, कधीपर्यंत, पुढे कोणते डॉक्टर पाहणार, हे लेखी घ्या. खासगी खर्च झेपत नसेल तर मेडिकलचा, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मानसोपचार विभाग आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. अडल्या वेळी टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

दादा स्थिर झाला की त्याच्याकडून आगाऊ निर्देश लिहून घ्या. आजार पुन्हा उसळला तर कोणते उपचार चालतील, कोणते नकोत, माझ्या वतीने कोण बोलेल, हे कलम ५ नुसार आधीच सांगून ठेवता येतं. तातडीच्या उपचारांना तो लागू होत नाही, एरवी डॉक्टरांनी तो मानायचा असतो. न पटल्यास डॉक्टरांनी मंडळाकडे जायचं, परस्पर मोडायचा नाही.

आणि धाकट्याला शत्रू समजू नका. आई गेल्यावर रात्ररात्र दादाला शोधत तोच फिरला असेल. थकलेल्या माणसाच्या हातून चुका होतात. कागद कायद्याने अडवा, बोलणं चालू ठेवा.

कायद्याने अजून काय करायला हवं

इतके हक्क लिहून ठेवलेल्या कायद्यातही तुमच्यासारख्या बहिणीला वर्तमानपत्राला पत्र लिहावं लागतं, हे मला फार लागतं. मंडळं नीट बसत नसतील तर ७ आणि २१ दिवसांच्या मुदती कागदावरच राहतात. महाराष्ट्रात हा कायदा अमलात यावा म्हणून मनोविकारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. बरे झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवणं थांबवा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२१ साली आपल्याच राज्याला सांगावं लागलं. कलम १९ मनोरुग्णाला कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क देतं आणि त्यासाठी मदत करण्याची जबाबदारी शासनावर टाकतं. रुग्णालय आणि घर यांच्यामधली निवासगृहं (हाफवे होम), घरपोच सेवा, काळजी घेणाऱ्यांना आधार हे जिल्ह्याजिल्ह्यांत उभं राहिल्याशिवाय तो हक्क पुरा होणार नाही.

आणखी एक उणीव आहे. १९८७ च्या कायद्यात रुग्णाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयाची प्रक्रिया होती. नव्या कायद्याने ती काढली, पण तिच्या जागी पैशांच्या व्यवहारात रुग्णाला आधार देणारी सोपी व्यवस्था बसवली नाही. अनेक कुटुंबांना थेट उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि ज्यांना ते परवडत नाही त्यांच्या घरात हक्कसोडपत्रं होतात. मंडळाच्या बैठका तालुक्यापर्यंत नेणं, दर दीर्घ भरतीची तपासणी मंडळाने आपणहून करणं आणि मालमत्तेसाठी मर्यादित, तपासता येणारा आधार देणं, या तीन सुधारणा झाल्या तर दादासारख्या हजारोंची सही सुरक्षित होईल.

तोवर तुमच्या हातात आहे ते करा. अर्जात दादाचं फोनवरचं वाक्य तारखेसह, जसंच्या तसं लिहा: 'मला घरी ने, मी गोळ्या घेतो.' आपल्याला आजार आहे हे त्याला कळतं, गोळ्या घेतल्या तर घरी राहता येईल हे कळतं, आणि ते त्याला सांगता आलं. कायदा ज्या तीन गोष्टी पाहतो, त्या तिन्ही त्या एका वाक्यात आहेत.