घटनांची भाषा आणि नियंत्रणाची मर्यादा

बॉयलरचे तापमान किंवा धरणातील पाण्याची पातळी सलगपणे बदलते. तिच्या नियंत्रणासाठी अवकल समीकरणे वापरली जातात. रेल्वेचे सिग्नल किंवा कारखान्यातील यंत्रांची साखळी यांची अवस्था मात्र एखादी घटना घडताच एकदम पालटते. अशा व्यवस्थांना ‘विविक्त घटना प्रणाली’ म्हणतात. त्यांच्या नियंत्रणाचा सिद्धांत टोरांटो विद्यापीठात पीटर रॅमेज व मरे वोनहॅम यांनी विकसित केला. त्यांचा पायाभूत शोधनिबंध १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

या सिद्धांतात प्रत्येक घटना हे एक अक्षर, घटनांचा क्रम हा शब्द आणि संभाव्य शब्दांचा संच ही प्रणालीची ‘भाषा’ होय. येथे व्याकरण असते, अर्थ नसतो. नियंत्रक काही घटना रोखू शकतो, परंतु घडवून आणू शकत नाही. आणि काही घटना तर त्याला रोखताही येत नाहीत. विद्यार्थ्यांनी हा भेद नीट समजून घ्यावा, कारण सिद्धांताचे मर्म त्यातच आहे.

रेल्वे फाटकाचे उदाहरण घेऊ. सिग्नल देणे व फाटक उघडणे या घटना रोखता येतात. सिग्नल ओलांडून वेगात निघालेली गाडी फाटकाशी पोहोचणे रोखता येत नाही. म्हणून ‘उघड्या फाटकात गाडी नको’ हा नियम गाडी पोहोचण्याच्या क्षणी पाळता येत नाही. मनाई मागे सरकवावी लागते. फाटक उघडे असताना सिग्नल नाही, आणि सिग्नल दिल्यावर गाडी जाईपर्यंत फाटक उघडणे नाही. अनुज्ञेय क्रमानंतर घडू शकणारी प्रत्येक अनियंत्रणीय घटना त्या क्रमाला अनुज्ञेय भाषेबाहेर नेत नसेल, तरच ती भाषा ‘नियंत्रणक्षम’ ठरते. अशा भाषांचा संयोगही नियंत्रणक्षम असतो. त्यामुळे सुरक्षित राहूनही कमीत कमी निर्बंध लादणारा नियंत्रक अस्तित्वात असतो, आणि नियमित भाषांसाठी तो संगणकाने काढता येतो. अडचण आकारमानाची आहे : प्रत्येकी ४ अवस्थांचे १० घटक एकत्र आले की १०,४८,५७६ अवस्था संभवतात.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बाहानगा बाजार येथे कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला, परंतु सांधा लूप मार्गाकडे वळलेला होता. २९० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. चौकशीत सिग्नलच्या जोडणीतील चुका आढळल्या. आंतरबंधाचा नियम अस्तित्वात होता. नियंत्रकापर्यंत पोहोचलेली माहिती खोटी होती.

जी घटना दिसतच नाही तिच्याबाबत निर्णय कसा घ्यावा, याचा विचार फेंग लिन व वोनहॅम यांनी १९८८ मध्ये ‘निरीक्षणक्षमता’ या संकल्पनेद्वारे केला. नियंत्रकाला सारखेच दिसणारे दोन क्रम एकाच घटनेबाबत परस्परविरोधी निर्णय मागत असतील, तर ते उद्दिष्ट साध्य होत नाही. येथे संयोगाचा गुणधर्म टिकत नाही. त्यामुळे सर्वांत कमी निर्बंधांचा एकच नियंत्रक मिळेल, याची हमी उरत नाही.