दाराशी अडविलेले प्रवासी

इ. स. २०२१ च्या नोव्हेंबर महिन्यात दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन येथून निघालेला एक प्रवासी दुबई व दिल्ली या मार्गाने मुंबईस उतरला. तो कल्याण-डोंबिवलीचा रहिवासी होता. कोरोना विषाणूचा ओमायक्रॉन नावाचा नवा प्रकार महाराष्ट्रात प्रथम त्याच्या शरीरात आढळला. ४ डिसेंबर रोजी ही वार्ता पसरताच कल्याणपासून मानपाड्यापर्यंतच्या गजबजलेल्या वस्तीत काळजी उत्पन्न होणे स्वाभाविक होते. उपचारानंतर तो प्रवासी बरा होऊन घरी परतला.

हा नवा प्रकार दक्षिण आफ्रिकेतील शास्त्रज्ञांनी २४ नोव्हेंबर रोजी जागतिक आरोग्य संघटनेस कळविला होता. ते काही न लपविता प्रामाणिकपणे बोलले. परंतु त्याचे फळ त्यांच्या देशबांधवांना विचित्रच मिळाले. अनेक राष्ट्रांनी आफ्रिकेच्या दक्षिण भागातील देशांना आपली दारे बंद केली. अमेरिकेने २९ नोव्हेंबरपासून अशा आठ देशांतून येणाऱ्या परकीयांना मज्जाव केला. त्याच देशांतून परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांना मात्र येऊ दिले. जणू विषाणू पारपत्र पाहूनच अंगात शिरतो! थोड्याच दिवसांत नेदरलँड्समध्ये १९ व २३ नोव्हेंबर रोजी घेतलेल्या नमुन्यांतही तोच विषाणू सापडला. तथापि नेदरलँड्सच्या प्रवाशांवर अमेरिकेने तशी बंदी घातली नाही. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस अंतोनियो गुटेरेस यांनी या बंदीला प्रवासातील वर्णभेद असेच नाव दिले. भारताने जोखमीच्या देशांची यादी केली. तीत युरोपातील देशही होते. तेथून येणाऱ्या प्रत्येकाची विमानतळावर तपासणी करण्याचा नियम १ डिसेंबरपासून लागू झाला.

तपासणी माणसाच्या प्रकृतीची होते. संशय मात्र पुष्कळदा चेहऱ्याचा घेतला जातो. आपला देशही या दोषापासून अलिप्त नाही. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडा येथे आफ्रिकी विद्यार्थ्यांना जमावाने केवळ संशयावरून मारहाण केली. परदेशात शिकावयास आलेल्या त्या मुलांना जे सोसावे लागले, ते एके काळी भारतीयांनीही सोसले होते आणि तेही आफ्रिकेच्याच किनाऱ्यावर.

ही हकीकत इ. स. १८९६ ची आहे. त्या वर्षी मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. नोव्हेंबरच्या अखेरीस ‘कुरलँड’ व ‘नादेरी’ या दोन आगबोटींनी मुंबई बंदर सोडले. ‘कुरलँड’वर बॅरिस्टर मोहनदास करमचंद गांधी, त्यांच्या पत्नी कस्तुरबा व मुले होती. दोन्ही बोटींवर शेकडो भारतीय होते. त्यांत व्यापारी होते, तसेच आपल्या घरी परतणारी कुटुंबेही होती. १८ डिसेंबर रोजी बोटी नाताळ वसाहतीतील दर्बान बंदराबाहेर पोहोचल्या. परंतु उतरण्याची आज्ञा मिळेना. बोटी मुंबईहून आल्या असल्यामुळे त्यांस क्वारंटाइन, म्हणजे विलगीकरण, लागू करण्यात आले.

प्लेग भयंकर होता, तेव्हा काही दिवस थांबणे रास्तच होते. पण मुदत पुनःपुन्हा वाढू लागली. गावात गोऱ्या वसाहतवाल्यांच्या सभा भरू लागल्या. या भारतीयांना आल्या पावली परत पाठवावे, अशी मागणी त्या सभांत होई. परत न गेल्यास समुद्रात लोटून देऊ, अशा धमक्या बोटींपर्यंत पोहोचविण्यात येत. रोगाच्या पडद्याआड रंगाचा द्वेष उभा होता. समोर किनारा दिसत असूनही त्या लोकांनी बोटीवर जवळजवळ चार आठवडे काढले. एकानेही माघार घेतली नाही.

अखेर १३ जानेवारी १८९७ रोजी प्रवासी उतरले. लॉटन नावाच्या इंग्रज वकिलासह गांधीजी पायी निघाले, तोच जमावाने त्यांस गाठले. दगड, अंडी व लाथा यांचा वर्षाव झाला. गांधीजींना भोवळ आली. इतक्यात पोलीस अधीक्षक अलेक्झांडर यांच्या पत्नी त्या वाटेने येत होत्या. त्यांनी आपली छत्री उघडली आणि त्या गांधीजी व जमाव यांच्यामध्ये निर्भयपणे उभ्या राहिल्या. एका बाईच्या छत्रीने त्या दिवशी त्यांचे प्राण वाचविले. पुढे हल्लेखोरांवर खटला भरण्याविषयी सरकारने विचारले, तेव्हा गांधीजींनी नकार दिला.

जमाव पांगला, परंतु त्याच वर्षी नाताळच्या विधिमंडळाने एक कायदा केला. तो दगडांहून अधिक टिकाऊ ठरला. त्यात भारतीयांचे नाव नव्हते, कातडीच्या रंगाचाही उल्लेख नव्हता. अट एवढीच, की वसाहतीत नव्याने येणाऱ्याने आपला अर्ज युरोपातील एखाद्या भाषेच्या लिपीत स्वतः लिहून दाखवावा. मराठी, गुजराती किंवा तमिळ लिहिणाऱ्याचे अक्षर मोत्यासारखे असले, तरी या दाराशी तो निरक्षरच! आणि ज्यांची ती मूळ भूमी, त्या आफ्रिकी लोकांची स्थिती याहून कठीण होती. त्यांना स्वतःच्याच देशात फिरण्यासाठी परवाने बाळगावे लागत. दक्षिण आफ्रिकेतील असे कायदे १९८६ साली रद्द झाले.

नाताळची ही युक्ती ऑस्ट्रेलियाने १९०१ साली उचलली व तिला धार लावली. बंदरावरचा अधिकारी युरोपातील कोणत्याही भाषेतील पन्नास शब्दांचा उतारा सांगे व प्रवाशाने तो लिहावयाचा. शाळेतील श्रुतलेखनात गुरुजी शिकविलेल्या भाषेतच उतारा सांगतात. येथे प्रवाशास न येणारी भाषा मुद्दाम निवडण्याची मुभा होती. १९०९ नंतर या परीक्षेत कोणीच उत्तीर्ण झाले नाही. १९३४ साली एगॉन किश नावाच्या प्रागच्या लेखकास सरकार त्याच्या मतांमुळे उतरू देऊ इच्छित नव्हते. त्यास अनेक भाषा येत, म्हणून त्याला स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील गेलिक भाषेचा उतारा घालण्यात आला. तेथील उच्च न्यायालयाने ही परीक्षा अमान्य केली. तरीही बंदरावरील श्रुतलेखन पुढे चालूच राहिले. ते बंद होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.