तान्ह्या बाळाची वाढ कशी ओळखावी

पेरलेलें उगवलें कीं नाहीं हें पाहावयास शेतकरी रोज बांधावर जातो. परंतु घरांतील तान्ह्याची वाढ आपण केवळ नजरेच्या अदमासानें ठरवितों. नजर फसते. मूल हळूहळू खंगत असलें, तर रोज पाहणाऱ्या आईसही तें उमगत नाहीं. आणि उमगतें तेव्हां पुष्कळ वेळ गेलेला असतो. म्हणून ह्या धड्यांत वाढ मोजावी कशी, ह्याचा विचार करूं.

१. वजन.— पूर्ण दिवसांचें मूल बहुधा अडीच ते साडेतीन किलो भरतें. त्याहून कमी भरल्यास त्यास विशेष जपावें. पहिल्या कांहीं दिवसांत वजन थोडें उतरतें, त्यास भिऊं नये. मात्र शंभरांत दहा भागांहून अधिक उतरल्यास दाखवावें. साधारण दोन आठवड्यांत जन्मवेळचें वजन परत येतें. पुढें तीन महिने दररोज सुमारें २० ते ३० ग्रॅम भर पडते. पांचव्या महिन्याच्या सुमारास वजन दुप्पट व वर्षानें तिप्पट होतें.

२. लांबी व डोकें.— जन्मतः लांबी सुमारें ५० सेंटिमीटर व डोक्याचा घेर सुमारें ३४ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने घेर दरमहा अदमासें २ सेंटिमीटर वाढतो. टाळू फुगलेली किंवा खोल गेलेली दिसल्यास वैद्यकीय मदत घ्यावी.

३. समज व हालचाल.— दोन महिन्यांच्या सुमारास बाळ आईकडे पाहून हसतें. तीन-चार महिन्यांत मान धरतें. चार ते सहा महिन्यांत कुशीवर वळतें व पालथें पडतें. दिवस भरण्यापूर्वीं जन्मलेल्या बाळाचें वय ह्या कामीं ठरलेल्या तारखेपासून मोजावें. सगळीं मुलें एका चालीनें चालत नाहींत. पण मोठ्या आवाजानें न दचकणारें किंवा आईचा चेहरा न न्याहाळणारें मूल दाखविलेंच पाहिजे.

४. तक्ता.— नायजेरियांत मिशनच्या दवाखान्यांत काम करणारे डॉ. डेव्हिड मॉर्ले ह्यांनीं १९५० च्या दशकांत वजनाचा तक्ता आईच्याच हातीं देण्याची पद्धत पाडली. आज अंगणवाडींत मिळणाऱ्या कार्डावर तसाच तक्ता असतो. त्यांतील रेषा जागतिक आरोग्य संघटनेनें २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मापांवरून आहेत. तीं ठरवितांना ज्या सहा देशांतील मुलें मोजलीं, त्यांत दिल्लीचींही होतीं. एका वेळच्या वजनावरून फारसें कळत नाहीं. रेषेची दिशा पाहावी. चढती रेषा शुभ, आडवी रेषा इशारा, उतरती रेषा संकट.

एका गांवीं आम्ही दीड महिन्याचें बाळ तोलूं लागलों, तेव्हां आजीबाई म्हणाल्या, "तान्ह्याला तोलूं नये, दृष्ट लागते." आम्हीं वाद घातला नाहीं. "तुमच्याच लुगड्याची झोळी करूं," असें म्हणतांच त्या कबूल झाल्या. वजन जन्मवेळेपेक्षां अवघें दोनशें ग्रॅम अधिक भरलें! विचारतां कळलें कीं, उन्हाळा म्हणून बाळास पाणी व घुटी पाजीत. पोट त्यानेंच भरे व आईचें दूध राही. तें बंद करून आईनें रात्रंदिवस अंगावर पाजलें. पुढच्या महिन्यांत तोलण्याच्या दिवशीं बाळास घेऊन सर्वांआधीं आजीबाईच आल्या. पहिला चीक टाकूं नये, आणि सहा महिने आईच्या दुधावांचून पाणीसुद्धां देऊं नये, हें ध्यानांत ठेवावें.

५. धोक्याचीं चिन्हें.— बाळ दूध ओढीनासें होणें, अंग तापणें किंवा गार पडणें, मिनिटास ६० किंवा अधिक श्वास, छाती आंत ओढली जाणें, आंचके, तळहात-तळपाय पिवळे होणें. ह्यांपैकीं एकही दिसल्यास त्याच घटकेस दवाखाना गांठावा.

गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनीं गांवच्याच स्त्रियांना शिकवून घरोघर नवजात बालकांची काळजी घेतली, व बालमृत्यु पुष्कळ घटले. हें त्यांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलें. आतां आशाताई बाळाच्या जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशीं घरीं येतात. उपदेशक बंधूंनीं आपल्या मंडळींतील प्रत्येक बाळाचें कार्ड पाहावें, आणि आशाताईंस दार उघडें आहे कीं नाहीं, तेंही पाहावें.

प्रश्न.— (१) आडवी रेषा काय सांगते? (२) उन्हाळ्यांत तान्ह्यास पाणी कां देऊं नये? (३) तुमच्या गांवीं गेल्या महिन्यांत न तोललेलें बाळ कोणाच्या घरीं आहे?