मंडईची सतरंजी

अगं, काल फोनवर तुझा आवाज रडवेला होता. लेक अकराची झाली, बीटीएस या कोरियन बॅण्डचं वेड लागलं, आणि आता तिला त्यांच्या कार्यक्रमाचा सिनेमा बघायचाय. 'ताई, सरळ नाही म्हणू का?' असं विचारलंस.

नको गं. नाकाडोंगरी गावातलं आपलं लहानपण आठव. दिवाळी सरली की मंडईची जत्रा, आणि रात्री दंडार नाहीतर खडी गंमत असं लोकनाट्य. आई आपल्याला घरी कोंडून ठेवायची का? सतरंजी घेऊन सोबत बसायची. बोलणं वाह्यात व्हायला लागलं की हळूच उठवायची, 'चला, चहा पिऊन येऊ.' आणि घरी येताना आपण विचारू त्याचं उत्तर द्यायची.

तेच कर. सिनेमा सुरू होण्याआधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, ते वाच. २०२४ पासून 'यूए'चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत. ही बंदी नाही, आईबापांना दिलेली सूचना आहे. ओटीटीवर १३+ आणि त्यापुढच्या गोष्टींना कुलूपही लावता येतं. नुसत्या गाण्यांच्या सिनेमालाही अशी सूचना मिळते: टेलर स्विफ्टचा 'एराज टूर' सिनेमा १६८ मिनिटांचा, आणि अमेरिकेत त्याला शिवराळ भाषेमुळे पीजी-१३ मिळालं होतं. बीटीएसची कोरियन गाणी तुझ्या डोक्यावरून जातील, पण खालच्या इंग्रजी ओळी पोरगी भराभर वाचते. म्हणून आधी तू एकटी बघून घे.

मला खरी काळजी वेगळीच आहे. उन्हाळ्यात ती आईकडे आली होती ना, तेव्हा आरशासमोर गालांवर पावडर थापत होती. मला म्हणाली, 'मावशी, मी त्यांच्यासारखी गोरी कधी होईन?' माझ्या पोटात कालवलं. मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, तो मेकअप असतो, दिव्यांचा उजेड असतो, दहा कॅमेऱ्यांतून निवडलेलं एकेक दृश्य असतं. ती गप्प ऐकत राहिली. एकदा सांगून हे भागत नाही गं, पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आणि सिनेमा बघताना ती रडली तर हसू नकोस. 'येट टू कम' हा त्यांचा बुसानमधला १५ ऑक्टोबर २०२२ चा कार्यक्रम. तो २०२३ च्या फेब्रुवारीत थिएटरात आला, तोवर त्यांच्यातला जिन सक्तीच्या लष्करी सेवेत गेलाही होता. मोठी माणसं रडली, मग ही तर लेकरूच.

फक्त मोबाईलवर, कानात वायरी घालून, पांघरुणात एकटीनं बघू देऊ नकोस. दिवाळीत नाकाडोंगरीला ये. आईच्या टीव्हीवर लावू, सतरंजी अंथरू, आणि त्या सातांतला तिचा लाडका कोण, ते तिच्याच तोंडून ऐकू.