पाण्याची वेळ आणि पाण्याचं माप

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्या कुणालाही विचारा, ‘जेवताना पाणी नाही’ हा नियम तोंडपाठ असतो. मला तो ऑपरेशनच्या आधी सांगितला, घरी सोडताना सांगितला आणि कागदावर लाल पेनने खाली रेघ मारूनही दिला. एरवी किती आणि कसं प्यायचं, याबद्दल त्याच कागदावर ‘भरपूर पाणी प्यावे’ एवढंच होतं. एका वेळी अर्धा पेलाही ज्याच्या पोटात मावत नाही, त्याने ‘भरपूर’ प्यायचं कसं? मला पुन्हा दवाखान्यात जावं लागलं ते याच न सांगितलेल्या गोष्टीपायी.

माझं ऑपरेशन स्लीव्हचं. यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग काढून टाकतात. उरते ती अरुंद नळी. सुरुवातीला तिच्यात १०० ते १५० मिलिलिटर मावतं. जठराच्या बायपासमध्ये वरची पिशवी त्याहूनही लहान, साधारण ३० मिलिलिटरची. एवढ्याशा जागेत घासावर पाणी ओतलं की एकतर अन्न आणि पाणी दोन्ही उलटून वर येतं, नाहीतर अन्न पाण्याबरोबर पुढे सरकतं आणि थोड्याच वेळात पुन्हा भूक लागते. बायपास झालेल्यांना त्यातच धडधड, घाम, पोटात मुरडा असा त्रास होऊ शकतो; गोड खाल्लं-प्यायलं असेल तर जास्तच.

पातळ आहाराचे आठवडे निभावले. मऊ जेवण सुरू झाल्यावर एका सकाळी उपमा जरा कोरडा झाला होता. दुसरा घास छातीत अडला. सासूबाई शेजारीच होत्या. ‘अगं, घोटभर पाणी घे, उतरेल खाली,’ म्हणत त्यांनी मायेनं भांडं पुढे केलं. आयुष्यभर ठसका लागला की आपण हेच करत आलो. पाणी गेलं आणि छातीच्या हाडामागे अशी कळ उठली की मला वाकताही येईना. तोंडात फेसाळ लाळ सुटली, पुसावी तर पुन्हा भरायची. शेवटी उलटी झाली तेव्हा कुठे सुटका झाली.

त्यानंतर मी पाण्याला भ्यायले. जेवणाआधी तासभर बंद, जेवणानंतर तासभर बंद. मधल्या वेळेत शाळा. मी शिक्षिका आहे, आणि शाळेत पाणी कमी पिण्याची सवय आम्हा बायकांना का लागते, हे शाळेत काम करणाऱ्या कुणालाही सांगावं लागणार नाही. त्यात मार्चचं ऊन. डोकं सतत जड, लघवी गडद पिवळी आणि थोडीशीच, जीभ टाळ्याला चिकटलेली. वजन उतरतंय म्हणजे थकवा येणारच, असं सगळेच म्हणत होते. फळ्याकडून मुलांकडे वळताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बाक धरून खाली बसले. दवाखान्यात कळलं, शरीरातलं पाणी फार कमी झालंय. रक्तदाबाची गोळी मात्र जुन्याच मात्रेत चालू होती. सलाईन लावावं लागलं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत लोक दवाखान्यात परत येतात, त्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक, असंही तिथेच समजलं.

आता हिशेब सांगते, कारण मला हिशेबानेच सावरलं. दिवसाचं पाणी किमान दीड लिटर, जमेल तसं दोन लिटरकडे न्यायचं. जागेपणीचे सोळा तास धरा. तीन जेवणांचा, जेवण अर्धा तास आणि त्यानंतरचा अर्धा तास असा वेळ वजा करा. तेरा तास उरतात. औषधाच्या बाटलीवरची मापाची टोपी घ्या, ३० मिलिलिटरची. दर पंधरा मिनिटांनी एक टोपी, तीही दोन-तीन घोटांत. तासाला १२० मिलिलिटर होतं आणि दिवसाचं सुमारे दीड लिटर भरतं. जेवणाआधी मात्र तासभर तोंड कोरडं ठेवायची गरज नसते, साधं पाणी पोटातून लवकर पुढे जातं. मला पंधरा मिनिटं पुरतात. तुमच्या डॉक्टरांनी अर्धा तास सांगितला असेल तर तोच पाळा.

घास कोरडा लागतो म्हणून हात भांड्याकडे जातो, तेव्हा उपाय स्वयंपाकातच करावा. भाजीला अंगासरशी रस ठेवा, भाकरी घट्ट वरणात कुस्करा, घास नखाएवढा घ्या आणि लगदा होईपर्यंत चावा. पातळ आमटी, सार, कढी, ताक वाटीने पिणं हेही पाणी पिण्यासारखंच, त्यांना जेवणापासून वेगळी वेळ द्या. घास अडलाच तर खाणं थांबवा, उठून हळूहळू चाला, वाट बघा. वरून पाणी नको. सोडा, कोल्ड्रिंक आणि उसाचा रस टाळाच. पाटाशेजारचा तांब्या काही महिने घरच्यांनीच आत ठेवावा, माणूस सवयीनेच हात पुढे करतो. निर्जळी उपास तर बिलकूल नको. देवाला हे चालतं, असं मी स्वतःच्या आईला समजावलं आहे. रक्तदाबाच्या, लघवीच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांची मात्रा वजन उतरू लागताच डॉक्टरांकडून पुन्हा ठरवून घ्या.

आणि उलट्या थांबत नसतील, पाण्याचा घोटही टिकत नसेल, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. पोटात काहीच राहत नाही तेव्हा बी-१ जीवनसत्त्वाचा साठा लवकर संपतो. एकाचे दोन दिसू लागले, चालताना तोल जाऊ लागला, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर रात्र असो की दिवस, दवाखाना गाठा आणि ऑपरेशन झालंय हे पहिल्याच वाक्यात सांगा. अशा रोग्याला ग्लुकोजचं सलाईन चढवण्याआधी बी-१ द्यावं लागतं, आणि समोरच्या डॉक्टरांना ऑपरेशनचं माहीत असेल तरच ते लगेच त्यांच्या लक्षात येईल.