इंजिनाचा आवाज : आधी कान, मग पाना

ज्या चालकाचे घर गाडीवर चालते, त्याला इंजिनातून नवा आवाज आला की धडकी भरते. घाईघाईने इंजिन खोलले जाते, पैसा खर्च होतो आणि आवाज मात्र तसाच राहतो. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी आवाजाचे मूळ शोधावे.

प्रथम इंजिन बंद असताना ऑइलची पट्टी पाहावी. ऑइल कमी असले तरीही टकटक होते.

नंतर लय ऐकावी. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एकच फेरी होते. क्रँक मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर एका व्हॉल्व्हची टिकटिक ४०० वेळा होते. वरून येणारी अशी हलकी टिकटिक बहुधा टॅपेटची असते. खालून येणारा, रेस दिल्यावर वाढणारा जड ठोका बेअरिंगचा असू शकतो.

जागा निश्चित करण्यासाठी लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक अल्टरनेटर, वॉटर पंप, टॅपेट कव्हर यांवर क्रमाने टेकवावे व मूठ कानाशी धरावी. जेथे आवाज सर्वांत स्पष्ट, तेथे दोष. मात्र हात व सैल कपडे फॅन आणि पट्ट्यापासून दूर ठेवावेत.

खालचा ठोका ऐकू आला किंवा ऑइलचा लाल दिवा लागला, तर इंजिन त्वरित बंद करावे व गाडी ओढून न्यावी. तशीच चालविल्यास कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फुटू शकतो. मग किरकोळ दुरुस्तीच्या जागी संपूर्ण इंजिनाचा खर्च अंगावर येतो.